गंज, रेड ऑक्साइड आणि सोसायटीची दोन कोटेशन्स: जाणकारांनी मार्ग दाखवावा

वारजेकर

नमस्कार मंडळी. आमची सोसायटी वारज्यात, वय पंचविशीच्या पुढे. गच्चीवर टाक्यांखालचं अँगलचं स्टँड, पार्किंगची शेड, जिन्याचं रेलिंग, मुख्य गेट आणि झाडून सगळ्या खिडक्यांच्या ग्रिल, एवढं लोखंड. मागच्या कमिटीने लावलेल्या रंगाने धड तीन पावसाळेही काढले नाहीत. खांबांच्या तळाशी वीतभर भागात पापुद्रे सुटलेत, नख लावलं की हातात येतात. शेडला नंतर टाकलेल्या जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या पाइपांची तऱ्हा वेगळीच. तिथे गंज नाही, पण रंग सलगच्या सलग सोलून निघतोय आणि खाली जस्त चकचकतंय.

दोन कोटेशन्स आलीत. पहिला म्हणतो, खरवडून रेड ऑक्साइडचा एक हात, वर ऑइल पेंटचे दोन. दुसरा म्हणतो, रस्ट कन्व्हर्टर, मग 'इन्हिबिटरवाला', म्हणजे गंज रोखणारं रसायन घातलेला इपॉक्सी प्रायमर, वर पीयू (पॉलियुरेथेन रंग). पैसे पहिल्याच्या अडीचपट. मीटिंगमध्ये एक आजोबा म्हणाले, "रंग म्हणजे रंग. त्यात औषध कसलं घालतात?" मला उत्तर देता आलं नाही.

काम वळीव सुरू व्हायच्या आत उरकायचंय. दुसऱ्याचं ऐकावं की पहिल्याचं?

भोसरीकर

दोघांचंही नको. पण आधी आजोबांचं उत्तर.

आयुष्य भोसरीतल्या एका कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये गेलं, म्हणून सांगतो. रेड ऑक्साइड प्रायमर गंज थांबवतो, असं आपल्याकडे शंभरातले नव्वद लोक धरून चालतात. त्यातली लाल पूड म्हणजे फेरिक ऑक्साइड, गेरूच्या घरातली. ती स्वस्त असते, उन्हात विटत नाही, लोखंड झाकते. पण गंजाविरुद्ध रासायनिक काम ती काडीचंही करत नाही. पूर्वी चांगल्या डब्यात तिच्या जोडीला झिंक क्रोमेट असायचं. आयएस २०७४ हे मानक याच रेड ऑक्साइड-झिंक क्रोम प्रायमरचं. 'औषध' होतं ते क्रोमेटमध्ये. लोकांनी लाल रंग लक्षात ठेवला आणि औषध विसरले.

आता क्रोमेटही नको म्हणतात आणि ते बरोबर आहे. त्यातलं हेक्साव्हॅलंट क्रोमियम कॅन्सरकारक आहे. त्याच्या जागी झिंक फॉस्फेट आलं. तेव्हा पहिल्या रंगाऱ्याला एवढंच विचारा की डब्यावर झिंक फॉस्फेट लिहिलंय का. नुसतं 'रेड ऑक्साइड मेटल प्रायमर' असेल तर तो लाल रंगाचा आणखी एक थर, बाकी काही नाही.

मानसी_कोथरूड

काका, एक बेसिक शंका. रंगाने पाणी अडवलं की झालं ना? मग इन्हिबिटर कुठे कामाला येतो?

रसायनी

मानसीताई, रंग पाणी अडवतो ही समजूतच अर्धवट आहे. जे. ई. ओ. मेन या इंग्रज संशोधकाने १९५० च्या आसपास मोजून दाखवलं की साध्या रंगाच्या थरातून गंज चढायला पुरेल इतकं पाणी आणि ऑक्सिजन आरामात आत जातात. तरी रंग उपयोगी पडतो, कारण क्षारांचे आयन त्यातून सहज सरकू शकत नाहीत. आणि गंज हा विजेचा खेळ आहे. लोखंडाच्या एका जागी लोह विरघळतं आणि इलेक्ट्रॉन सोडतं. ते धातूतूनच दुसऱ्या जागी जातात आणि तिथे ऑक्सिजन त्यांना घेतो. सर्किट पुरं व्हायला मधल्या ओलाव्यातून आयन फिरावे लागतात. रंग त्या वाटेत मोठा रेझिस्टन्स टाकतो.

आता इन्हिबिटर. झिंक फॉस्फेट पाण्यात अगदी किंचित विरघळतं. रंगात शिरलेलं पाणी जाताजाता त्यातला थोडा फॉस्फेट उचलतं आणि धातूपाशी नेऊन पोचवतं. तिथे लोहाशी संयोग होऊन पातळ, चिवट थर बसतो आणि विरघळण्याची जागाच झाकली जाते. म्हणजे जे पाणी गंज करायला आलं, त्याच्याच हातून औषध पोचतं. मला ही कल्पना फार आवडते.

कसब आहे ते 'किंचित' या शब्दात. हे रसायन जास्त विरघळणारं असेल तर रंगाखाली क्षारांचं पाणी साठतं, बाहेरचं पाणी ऑस्मोसिसने आत ओढलं जातं आणि फोड येतात. फारच कमी विरघळणारं असेल तर ते डब्यात असून नसल्यासारखं. शिवाय क्रोमेट किंवा नायट्राइटसारखे इन्हिबिटर कमी पडले तर उलटा ताप होतो. बहुतेक पृष्ठभाग झाकला जातो, थोड्या जागा उघड्या राहतात आणि सगळा हल्ला तिथे एकवटून खोल खड्डे पडतात.

पेठेतला_एक

तरीच आमच्या गल्लीतला मारुती इतकी वर्षं गंजला नाही. शेंदूर!

रसायनी

मारुती दगडाचा आहे हो. 😀 पण तीर मात्र बरोबर जागी लागलाय. शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड, आणि जवसाच्या तेलात घोटलेला शेंदूर हा जुन्या काळचा सर्वांत भरवशाचा प्रायमर होता. पूल, जहाजं, आगगाडीचे डबे, सगळीकडे तोच. तेलातल्या आम्लांशी शिसं संयोग पावून शिशाचे साबण होतात आणि ते गंज रोखतात. गंजलेल्या, नीट न घासलेल्या लोखंडावरही तो चालायचा. तसा क्षमाशील प्रायमर नंतर झाला नाही.

पण शिसं ते शिसंच. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत ९० पीपीएमपेक्षा जास्त शिसं नको, हा आपल्याकडचा नियम २०१६ चा आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. औद्योगिक रंग त्यात येत नाहीत. जुन्या वाड्यांच्या आणि बंगल्यांच्या ग्रिल ज्यांना खरवडायच्या आहेत त्यांनी हे नीट वाचा: खालचे थर शिशाचे असू शकतात. कोरड्या ग्राइंडरने धूळ उडवू नका. ओला पॉलिश पेपर, चांगला मास्क, आणि घरातली लहान मुलं त्या दिवशी मामाकडे.

मानसी_कोथरूड

आमचा बंगला १९७८ चा. उद्या ग्राइंडर येणार होता. थांबवते. धन्यवाद!

रंगारी_दादा

नमस्कार. मी हेच काम करतो, सोसायट्यांचं. धागा कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवला म्हणून आलो.

सायेब, प्रायमर कुठला यावर तुमची एवढी चर्चा चाललीय, पण पैसा खातं ते घासणं. चार दिवसांच्या कामात तीन दिवस घासायचे असतात. कोटेशन स्पर्धेत उतरवलं की सगळ्यात आधी तेच कापलं जातं, कारण वरून रंग मारल्यावर ते कुणालाच दिसत नाही. पापुद्रा आहे तिथे आधी चिपिंग हातोडी, मग स्क्रेपर, तारेचा ब्रश, ८० नंबरचा एमरी पेपर, आणि शेवटी टर्पेंटाइनचं फडकं. टर्पेंटाइन नुसतं शेवटी नाही, आधी पण. स्वयंपाकघराच्या ग्रिलवर फोडणीचं तेल बसलेलं असतं. ते न पुसता घासलं तर तेल रेघांमध्ये जातं.

ग्राइंडरला तारेची वाटी लावून काम भरभर होतं, पण एक सांगतो. जास्त फिरवली की गंज निघायच्या ऐवजी घोटला जातो, चमकतो. मालक खूश, रंग पकडत नाही. त्यावर पुन्हा एमरी मारावाच लागतो.

आणि कडा. रंग ओला असताना कडेवरून मागे सरतो, तिथे पातळच बसतो. अँगलच्या कडा, वेल्डिंग, नटबोल्ट यांना आधी छोट्या ब्रशने एक हात वेगळा द्यायचा, मग सगळीकडे. गंज कायम कडेवरून सुरू होतो तो यामुळे.

भोसरीकर

+१००. दादांनी लाख मोलाचं सांगितलं. आमच्याकडे साहेब लोक बाहेरून शॉट ब्लास्टिंगचे आकडे घेऊन यायचे, एसए अडीच वगैरे. सोसायटीत ब्लास्टिंग होत नाही. हाताने घासण्याची जी वरची पायरी असते, एसटी ३, तिथवर पोचलात तरी खूप.

वारजेकर

दादा, मग रस्ट कन्व्हर्टर? दुसरा म्हणतो ते लावलं की घासायची गरजच नाही.

रंगारी_दादा

घासायची गरज नाही म्हणणाऱ्याला काम देऊ नका.

रसायनी

रस्ट कन्व्हर्टर साधारण दोन तऱ्हेचे. एकात फॉस्फोरिक आम्ल, जे गंजाचं लोह फॉस्फेट करतं. दुसऱ्यात टॅनिक आम्ल, जे गंजाशी मिळून निळंकाळं लोह टॅनेट बनवतं. हा निळाकाळा रंग आपल्या ओळखीचा आहे. हिरड्यात भरपूर टॅनिन असतं, आणि हिरड्याच्या काढ्यात लोखंडाचा क्षार घातला की जुनी बोरूची शाई. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात गोळा होणारा हिरडा कातडी कमावायला जातो तोही याच टॅनिनसाठी.

मर्यादा अशी की हे रसायन वरच्या थरापुरतं काम करतं. घट्ट चिकटलेला पातळ गंज असेल तर छान. सुटे पापुद्रे असतील तर पापुद्र्याचा वरचा भाग बदलतो, खालचा गंज सुखाने चालू राहतो. स्वच्छ लोखंडावर याचा उपयोग नाही, बदलायला गंजच नाही तिथे. आणि फॉस्फोरिकवाला जास्त ओतून तसाच सोडला तर उरलेलं आम्ल रंगाखाली राहून फोड आणतं. डब्यावर धुवायला सांगितलं असेल तर धुवा आणि पूर्ण वाळवा.

पेठेतला_एक

म्हणजे आजीच्या बटव्यातला हिरडा उकळून गेटला लावू?

रसायनी

लावा, गेट काळं होईल आणि पहिल्या पावसात फरशीही काळी होईल. विकतच्या टॅनिनवाल्या डब्यात बहुधा लॅटेक्ससारखं पॉलिमरही असतं, ते त्याला धरून ठेवतं. काढ्याला धरून ठेवणारं कुणी नाही.

गणपतीपुळेकर

पुण्यात बसून गंजावर चर्चा! या एकदा इकडे, खाऱ्या वाऱ्यात. आमच्याकडे बिजागरी महिन्याभरात तांबडी होते. गंमत सोडा, पण एक गोष्ट आमच्याकडून शिका. रंगाच्या आधी लोखंड गोड्या पाण्याने धुवायचं. घासून गंज निघतो, मीठ निघत नाही.

भोसरीकर

हे पुण्यालाही लागू. इथे समुद्र नाही, पण टाकी ओव्हरफ्लो होते, टँकरचं जड पाणी स्टँडवरून ओघळतं आणि वाळून पांढरे डाग राहतात, ते क्षारच. दुसरं म्हणजे पारवे. ग्रिलच्या आडव्या पट्टीवर त्यांची विष्ठा साचली की ती ओलावा धरून ठेवते. त्यावरच रंग मारलेला मी डोळ्यांनी पाहिलाय.

चाकणचा_ओंकार

आमच्या प्लांटमध्ये एक्सपोर्टचे पार्ट व्हीसीआय, म्हणजे गंजरोधक रसायन लावलेल्या पेपरात आणि पिशव्यांत पॅक करतो. तेल न लावता बोटीने महिना-दीड महिना जातात, गंज नाही. तेही इन्हिबिटरच ना? मग पाइपच्या रेलिंगमध्ये आतून तसं काही टाकता येईल का? कारण आमच्या बिल्डिंगचं रेलिंग बाहेरून छान होतं आणि आतून गंजून एक दिवस दाबलं गेलं.

रसायनी

हो. त्या कागदातलं रसायन, उदा. अमाइनचे नायट्राइट, हळूहळू वाफ होऊन पिशवीतल्या हवेत पसरतं आणि धातूवर बसतं. पण पिशवी बंद हवी. उघड्या पाइपात टाकलं तर दोन्ही टोकांनी उडून जाईल. पाइपाची टोकं वेल्ड करून पूर्ण बंद केली तर आतला थोडा ऑक्सिजन संपल्यावर गंज तसाही थांबतो. जिथे बंद करणं शक्य नाही तिथे तळाशी भोक पाडून पाणी बाहेर जाऊ द्या. अर्धवट बंद पाइप सगळ्यात वाईट. आत पाणी शिरतं आणि वाळत नाही.

भोसरीकर

वारजेकर, तुमच्या खांबांच्या तळाचं दुखणंही याच जातीचं. फरशीला टेकलेल्या जागी पाणी साचतं. रंग कुठलाही लावा, आधी खांबाभोवती सिमेंटचा बाहेर उतरता चढ करून घ्या आणि खांब व सिमेंट यांच्या फटीत सीलंट भरा.

रसायनी

त्याचं कारणही मजेशीर आहे. गंजाचे अभ्यासक इव्हान्स यांचा थेंबाचा जुना प्रयोग घरी करून बघा. घासलेल्या पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवला की थोड्या वेळाने लोखंड विरघळतं थेंबाच्या मधोमध, कडेला नाही. कडेला हवा भरपूर मिळते, मधे कमी, आणि जिथे ऑक्सिजन कमी तिथेच धातू खाल्ला जातो. फटीत, पापुद्र्याखाली, साचलेल्या मातीखाली नेमकं हेच चालू असतं.

मानसी_कोथरूड

मागच्या वर्षी नवीन ग्रिल पावडर कोटिंग करून आणल्या होत्या. दिसायला सुंदर. पहिल्या पावसाळ्यानंतर जोडांपाशी फुगे, टोचलं तर आत तांबडं पाणी. दुकानदार म्हणाला, "मॅडम, हवा खराब आहे."

भोसरीकर

हवा नाही, टाक्या खराब. पावडर कोटिंगच्या आधी माल सेव्हन टँकमधून जायला हवा: तेल काढणं, गंज काढणं, फॉस्फेटिंग, पॅसिव्हेशन आणि मधे मधे धुणं. फॉस्फेटिंग ही फॅशन नव्हे. लोखंडावर जस्त फॉस्फेटचे बारीक स्फटिक उगवतात. पावडर त्यांच्या खाचांत रुतते आणि पुढे ओरखडा पडला तरी गंज रंगाखाली लांबवर पसरत नाही. कोस्लेट नावाच्या माणसाने १९०६ मध्ये याचं पेटंट घेतलं, म्हणजे शंभर वर्षांची सिद्ध गोष्ट आहे. गाड्यांच्या बॉडीखालीही तसलाच थर असतो. छोट्या दुकानात माल टर्पेंटाइनने पुसतात, पावडर उडवतात आणि १८०-२०० अंशांच्या भट्टीत घालतात. त्या दिवशी दोन्ही माल सारखेच दिसतात.

दुसरी शक्यता: घरी बसवताना कटिंग-वेल्डिंग केलं असेल. तिथली पावडर जळाली, वर स्प्रेचा फवारा मारून झाकलं. फुगे जोडांपाशीच आहेत म्हणताय, त्यामुळे मला याचाच संशय जास्त.

मानसी_कोथरूड

वेल्डिंग झालं होतं. खिडकीत बसेना म्हणून. 😑

दिल्लीवाला_मराठी

मेहरौलीच्या लोहस्तंभाबद्दल कुणी बोललं कसं नाही? १६०० वर्षं उभा, रंग नाही, प्रायमर नाही.

रसायनी

बोलायचं तर तोही फॉस्फेटच. त्या लोखंडात आजच्या पोलादापेक्षा फॉस्फरस कितीतरी जास्त आहे, सुमारे पाव टक्का. कोळशावर लोखंड गाळताना चुनखडी घालत नसत, म्हणून तो धातूतच राहिला. आयआयटी कानपूरच्या आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवलं की त्यामुळे पृष्ठभागावर लोह फॉस्फेटचा संरक्षक थर तयार झालाय. दिल्लीची कोरडी हवाही मदतीला होतीच. आजच्या पोलादात इतका फॉस्फरस घालता येत नाही, ते ठिसूळ होतं. म्हणून आपण तो बाहेरून, डब्यातून लावतो.

वारजेकर

वा! आजोबांना हेच सांगतो. आता जीआय पाइप आणि इपॉक्सीचं काय ते सांगा, म्हणजे मला वर्क ऑर्डर लिहिता येईल.

रंगारी_दादा

जीआयवर डायरेक्ट ऑइल पेंट कधीच बसत नाही. निघालेला सगळा काढा, घासा, एच प्रायमर मारा, मग बाकीचं.

रसायनी

कारण जस्त आणि ऑइल पेंटमधलं तेल मिळून रंगाखाली साबण तयार होतो. चिकटणार कशाला? एच प्रायमरमधलं आम्ल जस्ताला किंचित खरवडतं आणि मधे पकड देतं. जीआयवर जिथे वेल्डिंग झालंय तिथे झिंक-रिच प्रायमर लावा, पण उघड्या, घासलेल्या लोखंडावर. त्यातल्या जस्ताला लोखंडाचा प्रत्यक्ष स्पर्श हवा, तरच ते स्वतः झिजून लोखंड वाचवतं. गंजावर किंवा दुसऱ्या प्रायमरवर मारलं तर नुसता महाग करडा रंग.

चाकणचा_ओंकार

इपॉक्सीच्या डब्यावर '५०० तास सॉल्ट स्प्रे' लिहिलेलं असतं. म्हणजे किती वर्षं धरायची?

भोसरीकर

शून्य धरा. ५ टक्के मिठाचं धुकं, ३५ अंश, सतत. त्यात ऊन नाही, वाळणं नाही. दोन रंगांची तुलना करायला किंवा रोजचा माल तपासायला ठीक आहे. तासांची वर्षं होत नाहीत.

इपॉक्सीबद्दल माझं मत: सगळीकडे नको. एक तर ती उन्हात भुकटते, म्हणून वर पीयू लागतं आणि खर्च चढत जातो. दुसरं, जुन्या ऑइल पेंटवर मारली तर तिचं थिनर खालचा रंग सुरकुतवतं. तुमच्या ग्रिलवर जुना रंग बऱ्याच ठिकाणी शाबूत असणार.

रंगारी_दादा

आणि खरं सांगू? इपॉक्सी हा दोन डबे मिसळून लावायचा माल. आमची पोरं तो सकाळीच सगळा एकत्र कालवतात. मे महिन्यात अकरा वाजेपर्यंत तो घट्ट होतो, मग वर थिनर ओततात. पैसे इपॉक्सीचे, काम पाण्याचं. थोडा थोडाच कालवायला सांगा आणि कुणीतरी उभं राहा.

भोसरीकर

म्हणून माझी शिफारस. टाकीचं स्टँड आणि खांबांचा खालचा फूटभर भाग: जुनं सगळं काढून इपॉक्सी झिंक फॉस्फेट, वर पीयू. ग्रिल, रेलिंग, गेट: झिंक फॉस्फेटचा साधा, एकाच डब्यातला (सिंगल पॅक) प्रायमर दोन हात, वर चांगलं इनॅमल दोन हात. एका हातावर भागवू नका. पैसे कमीच पडले तर ग्रिल पुढच्या वर्षी करा, स्टँड आधी.

गणपतीपुळेकर

आणि प्रायमर मारून पावसाळाभर तसंच सोडू नका. फॅब्रिकेटरच्या दारात रस्त्यावर लाल ग्रिल भिजत पडलेल्या बघतो तेव्हा जीव तुटतो. प्रायमर सच्छिद्र असतो, वरचा रंग आठवड्याच्या आत चढायला हवा.

रंगारी_दादा

वेळ सकाळी नऊ ते अकरा आणि संध्याकाळी चार ते सहा. भर दुपारी गच्चीवरच्या अँगलला हात लावता येत नाही, तिथे रंग वरून वाळतो आणि आत फोड धरतो. आकाश भरून आलं तर ब्रश उचलायचाच नाही. डबे बोहरी आळीतून घ्या नाहीतर कोपऱ्यावरून, सीलबंद आणा आणि रिकामे डबे काम संपेपर्यंत ऑफिसात ठेवा.

वारजेकर

सगळं लिहून घेतलंय. पहिल्यालाच नव्या अटींवर पुन्हा कोटेशन द्यायला सांगतोय, घासण्याची रक्कम वेगळी दाखवून. दोन हात प्रायमर खरंच झालेत की एकच, हे आम्हा अडाण्यांना कसं कळणार?

भोसरीकर

दोन हातांचे रंग वेगळे मागा. पहिला लाल, दुसरा करडा. करड्यातून कुठे लाल डोकावलं की तिथे हात चुकलाय. पहिल्या हातानंतर आणि दुसऱ्यानंतर तुम्ही स्वतः बघायचं, मगच हप्ता द्यायचा. रंगाची जाडी मायक्रॉनमध्ये मोजायचं मीटर माझ्याकडे आहे, शनिवारी येऊन जाईन.

वारजेकर

काका, उपकार होतील. आणि वरच्या इनॅमलचा रंग? मेंबरांना पर्याय विचारून ठरवावा म्हणतो.

पेठेतला_एक

विचारा. पण मग वळवाच्या आधी नको, दिवाळीनंतरची तारीख धरा.

वारजेकर

स्मोक ग्रे. ठरला.